न गोठणारा नळ आणि त्याची गळती

नळ गळू लागला म्हणजे काय करावयाचे, हे सांगण्यासाठी वार्षिकाची पाने खर्ची घालण्याचे कारण नाही. तोटी उघडावी, झिजलेला वायसर काढावा, नवा बसवावा, की काम संपले. परंतु ज्या नळाचे तोंड आपल्या डोळ्यांसमोर आणि झडप मात्र जमिनीखाली पाच-सहा फूट खोल आहे, असा नळ गळू लागला तर? असा नळ आम्ही 2018 सालच्या हिवाळ्यात प्रथम पाहिला, प्रथम वापरला आणि, सांगावयास संकोच वाटतो, आमच्याच हातांनी बिघडविला. इतकी वर्षे शाळेत पदार्थविज्ञान शिकविलेल्या माणसाकडून हे घडले, म्हणून ती हकीकत येथे देत आहोत.

आमची कन्या व जावई अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या दक्षिण भागात एका लहान गावाबाहेर राहतात. घराभोवती दोन-तीन एकर मोकळी जागा, सहा मेंढ्या, डझनभर कोंबड्या आणि स्वतःची विंधन विहीर. विहिरीतील विजेचा पंप तळघरातील एका बंद टाकीत पाणी दाबाने भरतो आणि ते पाणी घरभर फिरते. दाब उतरला की पंप आपोआप सुरू होतो, चढला की थांबतो. मेंढ्यांच्या गोठ्याजवळ उघड्या अंगणात एक लोखंडी नळ उभा होता. उंची सुमारे तीन फूट, माथ्यावर हातपंपासारखी लांब मूठ, पुढे तोटी. तेथील लोक त्याला हायड्रंट म्हणतात. आम्ही ऑक्टोबरात तेथे पोहोचलो तेव्हा अंगणात हिरवळ होती. नाताळापर्यंत सारे पांढरे झाले, गोठ्याबाहेरची बादली तासाभरात दगडासारखी होऊ लागली, आणि हा नळ मात्र मूठ वर करताच भसाभस पाणी देत होता. आम्हांस त्याचे मोठे नवल वाटले.

नवल का वाटावे, हे समजण्यासाठी पाण्याच्या एका विक्षिप्त गुणाची आठवण केली पाहिजे. बहुतेक पदार्थ थंड होता होता आकसतात. पाणीही चार अंश सेल्सिअसपर्यंत आकसते, त्याखाली मात्र पुन्हा फुगू लागते, आणि बर्फ होताना तर त्याचे आकारमान शेकडा नऊने वाढते. ही वाढ रोखू पाहणाऱ्या भांड्याची धडगत नसते. कॅनडातील क्वेबेक येथे 1784 व 1785 या वर्षी मेजर एडवर्ड विल्यम्स नावाच्या तोफखान्यातील अधिकाऱ्याने लोखंडी तोफगोळ्यांत पाणी भरून, तोंडे लोखंडी बुचांनी ठोकून बंद करून, ते गोळे उघड्यावर गोठू दिले. कोठे गोळाच तडकला, तर कोठे बूच उडून चारशे फुटांहून अधिक अंतरावर जाऊन पडले. दारू नाही, बत्ती नाही, केवळ पाणी! बंद जागेतील पाणी शून्याखाली बावीस अंशांपर्यंत उतरले तर त्याचा दाब सुमारे दोन हजार वातावरणांपर्यंत चढू शकतो. घरगुती नळीची त्यापुढे काय कथा?

आणि मिनेसोटात बावीस अंश म्हणजे काही विशेष नव्हे. आम्ही तेथे असतानाच 30 जानेवारी 2019 रोजी मिनिआपोलिस शहरात पारा शून्याखाली 33 अंशांपर्यंत उतरला. त्याच राज्यातील टॉवर या गावी 2 फेब्रुवारी 1996 रोजी शून्याखाली 51 अंशांची नोंद झालेली आहे.

मग नळ अंगणात ठेवावयाचा कसा? याचे उत्तर जमिनीने दिले आहे. माती ही उष्णतेची मंद वाहक. वर कितीही थंडी पडो, ती खाली झिरपावयास आठवडे लागतात, आणि एका ठरावीक खोलीखाली ती पोहोचतच नाही. त्या खोलीला आपण गोठणरेषा म्हणू. मिनेसोटाच्या इमारतविषयक नियमांत दक्षिण भागासाठी ही खोली 42 इंच आणि उत्तर भागासाठी 60 इंच धरली आहे. घराचा पाया त्याहून वर ठेवता येत नाही. गंमत अशी की, ज्या जागेवर बर्फाचा जाड थर तसाच पडून राहतो तेथे जमीन कमी गोठते, कारण भुसभुशीत बर्फ हे उत्तम पांघरूण आहे. जेथील बर्फ रोज खरवडून काढतात, त्या वाटेखाली गोठण अधिक खोल जाते. आमच्या जावईबापूंनी गोठ्याकडे जाणारी वाट स्वच्छ राखण्याचा नेम धरला होता, आणि नळ नेमका त्या वाटेवर होता.

आता नळाची रचना पाहा. विहिरीकडून येणारी नळी गोठणरेषेच्या खालून येते. तेथेच, साधारण पाच फूट खोल, पितळेची झडप असते. झडपेवर जस्ताचा मुलामा दिलेली एक इंच व्यासाची उभी नळी, तीच जमिनीतून वर येते. नळीच्या आतून एक लांब दांडा जातो. त्याचे वरचे टोक मुठीला जोडलेले, खालच्या टोकाला रबरी दट्ट्या. मूठ खाली दाबली की दट्ट्या खालच्या पितळी बैठकीवर घट्ट बसतो व पाणी बंद. मूठ वर उचलली की दट्ट्या बैठकीवरून उठतो आणि पाणी नळीतून वर चढते.

एवढ्यावर भागले असते, तर मूठ बंद केल्यावर उभ्या नळीत राहिलेले पाणी रात्रीत गोठून नळी फुटली असती. म्हणून झडपेच्या अंगाला, बैठकीच्या किंचित वर, एक लहानसे छिद्र ठेवलेले असते. नळ पूर्ण उघडला की वर चढलेला दट्ट्याच हे छिद्र झाकतो. नळ पूर्ण मिटला की दट्ट्या खाली जातो, छिद्र मोकळे होते, आणि उभ्या नळीतील सारे पाणी त्यातून खाली भरलेल्या खडीत निथळून जाते. म्हणजे वापर नसताना जमिनीवरील नळ रिकामा असतो. जेथे पाणीच नाही, तेथे गोठणार काय? हा नळ थंडीशी झुंजत नाही, तिला बाजू देतो. अमेरिकन चित्रपटांत रस्त्याच्या कडेला दिसणारे आग विझविण्याचे बुटके नळ थंड प्रदेशांत याच तत्त्वावर बांधतात. कॅलिफोर्नियासारख्या उबदार भागात मात्र पुष्कळ ठिकाणी त्या नळांत तोंडापर्यंत पाणी भरलेले चालते.

वाचकांपैकी जे चाणाक्ष असतील त्यांच्या ध्यानात एक अडचण आली असेल. पूर्ण उघडा असता छिद्र बंद, पूर्ण मिटलेला असता बैठक बंद. पण अर्धवट उघडा असता? तेव्हा दोन्ही उघडी! पाणी तोटीतूनही येते आणि खालच्या छिद्रातूनही जमिनीत जाते.

येथेच आमचा अपराध झाला. आमचे सारे आयुष्य एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात गेले. नळ सोडावयाचा तो करंगळीएवढी धार पडेल इतकाच, हा संस्कार लहानपणी आईने केलेला आणि आम्ही तो पुढे वर्गावर्गांतून सांगितलेला. मेंढ्यांची टोपली सकाळ-संध्याकाळ भरण्याचे काम आम्ही हौसेने पत्करले होते, आणि दोन्ही वेळा मूठ अर्धीच उचलीत होतो. जितके पाणी आम्ही वाचविले असे मानीत होतो, त्याहून बहुधा अधिक पाणी पायाखाली चालले होते. टाकीतील दाब चौरस इंचास चाळीस ते साठ पौंड, म्हणजे 28 ते 42 मीटर उंच टाकीतून उतरणाऱ्या पाण्याएवढा. त्या दाबाची धार सुमारे दोन महिने रोज खडीत घुसत होती. त्या भागातील माती चिकण, पाणी लवकर न पिणारी. खडीचा खड्डा भरला, भोवतालची बारीक रेती सैल होऊन हलू लागली, आणि तिचे कण दट्ट्याच्या रबराखाली जाऊन बसू लागले.

नळ वरून गळत नव्हता, हे लक्षात घ्या. साध्या नळाचा वायसर झिजला की तोटीतून थेंब पडतात आणि घरातील कोणीतरी कुरकुर करते. या नळाचा दट्ट्या झिजला तर झिरपणारे पाणी वर तोटीपर्यंत चढतच नाही. निचऱ्याच्या छिद्रातून ते निमूटपणे जमिनीत जाते. तोटीला थेंब दिसेल तो गळती मोठी झाल्यावर, किंवा छिद्र बुजल्यावर. म्हणून या नळाचा रोग दुसऱ्या लक्षणांवरून ओळखावा लागतो. पहिले लक्षण आमच्या घरी जावईबापूंच्या कानावर आले. एके सकाळी ते म्हणाले, “बाबा, रात्री कोणी नळ सोडला होता का? पंप तीनदा सुरू झाला.” आम्ही निश्चिंतपणे नाही म्हणालो. दुसरे लक्षण, नळाच्या बुंध्याशी बर्फ खचून पडलेला खळगा, आम्ही स्वतः पाहिले आणि मेंढ्यांनी तुडविले असेल असे समजलो.

30 जानेवारीच्या सकाळी मूठ उचलेना. खड्डा पाण्याने भरल्यामुळे उभ्या नळीतील पाणी निथळावयास जागाच राहिली नव्हती, ते गोठणरेषेच्या वर नळीतच उभे राहिले आणि दांड्यासकट गोठले. मेंढ्या सुकी गवताची पेंढी खातात, त्यांना पाणी हवेच. कोंबड्यांचे तर पाण्यावाचून एक दिवस निभत नाही. त्या दिवशी व पुढील तीन दिवस कन्या आणि जावई स्वयंपाकघरातून कोमट पाण्याच्या बादल्या भरून दिवसातून चार वेळा गोठ्यापर्यंत नेत होते. बाहेर उघडी त्वचा काही मिनिटांत बधिर होई. एकदा बादली हिंदकळून जावईबापूंच्या हातमोज्यांवर पाणी सांडले. घरात येऊन मोजे काढले तो बोटांची टोके मेणासारखी पांढरी दिसत होती. कन्येने ती कोमट पाण्यात धरली, अर्ध्या तासाने रंग परतला. तो अर्धा तास आम्ही खिडकीशी उभे होतो. कोणी आम्हांस काही म्हटले नाही.

शेजारी एक वृद्ध शेतकरी राहत असत. ते आले, नळाभोवती एकदा फिरले, बुटाने खळगा चाचपला आणि आमच्याकडे वळून एवढेच विचारले, “तुम्ही हा उघडता कसा?” आम्ही हाताने दाखविले. त्यांनी मान हलविली. निदान तेवढ्यात झाले होते.

दुरुस्तीचा क्रम त्यांनी सांगितला तो असा. सर्वप्रथम तळघरातून अंगणाकडे जाणारी चावी बंद करावयाची. गोठलेल्या नळाला ज्वाळा लावावयाची नाही. बर्फाच्या दोन बुचांमध्ये अडकलेल्या पाण्याची वाफ झाली तर नळी फुटून माणूस भाजतो. कडक गरम पाण्यात भिजविलेली फडकी वरून खाली गुंडाळीत यावयाचे. थंडीचा जोर ओसरल्यावर आम्ही ते केले. जमिनीखालील भागासाठी त्यांनी नळाचा बिडाचा माथा काढविला. हे करताना दोन पाइप पान्हे लागतात, एकाने उभी नळी घट्ट धरावयाची व दुसऱ्याने माथा फिरवावयाचा, नाहीतर पिळा खालच्या झडपेपर्यंत जाऊन तेथील जोड सुटतो आणि मग खोदण्यावाचून गत्यंतर नाही. उघड्या नळीतून दांड्याच्या कडेने बारीक रबरी नळी खाली सोडून तीतून गरम पाणी घालीत गेलो. तासाभराने दांडा हलला.

पाच फुटांहून लांब दांडा हळूहळू वर ओढला आणि त्याच्या टोकाला दट्ट्या आला. रबरावर नखाएवढी खाच पडली होती आणि खाचेत रेतीचे दोन कण रुतले होते. सगळा अनर्थ एवढ्याशा जागेत होता. या नळाची खुबी अशी की दट्ट्या बदलण्यासाठी जमीन उकरावी लागत नाही. नवा दट्ट्या गावातील दुकानात मिळाला, तो दांड्यास लावून खाली सोडला, माथा पुन्हा बसविला.

त्यानंतर मुठीची पारख. चांगल्या नळाची मूठ खाली आणताना शेवटच्या दोन बोटे अंतरात जोर लागतो आणि मग ती खटकन बसते. मूठ सैल पडत असेल तर दट्ट्या बैठकीवर पुरता दाबला जात नाही असे समजावे. माथ्याशी दांडा ज्या स्क्रूने पकडलेला असतो तो सैल करून, दांडा थोडा सरकवून पुन्हा आवळला की काम होते. पुष्कळ वेळा गळतीचे कारण एवढेच असते, आणि दट्ट्या विकत आणण्यापूर्वी हे पाहावे, असे म्हाताऱ्यांचे म्हणणे. त्याहून सोपा उपाय म्हणजे नळ पूर्ण उघडून मिनिटभर जोराने वाहू द्यावा, मिटावा, पुन्हा उघडावा. एखादा कण अडकला असेल तर वाहून जातो. आणि पाणी माथ्याशी, दांडा जेथून बाहेर येतो तेथून, तेही नळ चालू असतानाच गळत असेल, तर बिचाऱ्या दट्ट्याचा त्यात काही दोष नाही. तेथील नट पाव फेरा आवळावा, न थांबल्यास आतील पॅकिंग बदलावे.

आता नळ निथळतो की नाही हे जमिनीच्या पोटात न शिरता कसे कळावे? यासाठी म्हाताऱ्यांनी दाखविलेली युक्ती आम्हांस फार आवडली, आणि ती प्रयोगशाळेतील आमच्याच धड्याची होती. नळ उघडून मिटावा आणि तोटीवर लगेच तळहात दाबून धरावा. आत पाणी खाली उतरत असेल तर वरून हवा ओढली जाते व हात आत खेचल्यासारखा वाटतो. पिपेटच्या तोंडावरील बोट काढले की द्रव खाली उतरतो, बोट ठेवले की थांबतो, हे आपण सर्वांनी केले आहे. हात खेचला गेला नाही तर एकतर छिद्र बुजले आहे, किंवा खड्डा भरलेला आहे. यावरूनच दुसरा एक नियम निघतो. तोटीला रबरी नळी जोडून तिचे दुसरे टोक बंद ठेवले, तर हवा आत शिरत नाही व नळ निथळत नाही. उन्हाळ्यात हे खपते. थंडीत मात्र काम झाले की रबरी नळी काढून ठेवलीच पाहिजे. तिचे टोक मेंढ्यांच्या टोपलीत बुडवून ठेवणे तर त्याहून वाईट, कारण निथळताना टोपलीतील घाण पाणी मागे ओढले जाते.

आमच्या नळाची परीक्षा केली, तर हात खेचला गेला नाही. खड्डा अजून भरलेला होता. आमची निराशा पाहून म्हातारे म्हणाले की, वरून येणारे पाणी थांबले आहे, आता माती आपले काम करील, तोवर नळाला हात लावू नका. त्याप्रमाणे बादल्यांची ने-आण आणखी आठवडाभर चालली. यावेळी एक बादली आमच्याही हाती होती. आठव्या दिवशी उभ्या नळीत सळई घातली ती कोरडी निघाली. मग चावी सोडून, मूठ पूर्ण वर उचलून नळ वाहविला, पूर्ण मिटला, आणि तोटीवर हात ठेवला. तळव्याला स्पष्ट ओढ लागली. आम्ही कन्येला हाक मारून तिचाही हात तेथे ठेवविला.

खड्ड्यातील खडी गाळाने भरली होती, ती बदलण्याचे काम मे महिन्यात झाले. तेथे जमीन खणण्यापूर्वी 811 या क्रमांकावर दूरध्वनी करून कळवावे लागते. मग माणसे येऊन विजेच्या व वायूच्या गाडलेल्या वाहिन्यांच्या जागा रंगाने दाखवून जातात. ते होईपर्यंत कुदळ मारावयाची नाही, मग खड्डा स्वतःच्या अंगणात का असेना. पाच फूट खाली पितळी झडप उघडी पडली तेव्हा निचऱ्याचे ते छिद्र आम्ही प्रथमच पाहिले. त्यात आगकाडी कशीबशी शिरली असती.

आम्ही परतण्यापूर्वी कन्येने मुठीला तारेने एक पत्र्याची पट्टी बांधली व तीवर लाल रंगाने देवनागरीत लिहिले, “पूर्ण उघडा, पूर्ण मिटा.” शेजारच्या म्हाताऱ्यांनी तिचा अर्थ विचारून घेतला आणि येथे मराठी वाचणारे आणखी कोणी येणार आहे काय, अशी पृच्छा केली. कन्या म्हणाली, “पुढच्या हिवाळ्यात सासूबाई येणार आहेत.”